आठवीपर्यंतची पंगत

सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर सहावीपासून पुढच्या मुलामुलींना लोहाची निळी गोळी द्यायची, हा शाळाशाळांतला रिवाज. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आठवड्याला एक गोळी, आणि तीही पोटात काही असताना. मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये नववीच्या खिडकीखाली या गोळ्या सापडायला लागल्या. वर्गशिक्षिकेनं मुलींना फैलावर घेतलं तेव्हा सगळ्यांचं एकच उत्तर: बाई, मळमळतंय.

मुली नाटकं करतात म्हणून विषय तिथंच मिटला असता. पण बाईंना आठवलं की याच मुली आदल्या वर्षी आठवीत होत्या आणि तेव्हा गोळी विनातक्रार घेत होत्या. गोळी तीच, मुली त्याच. जूनमध्ये त्या नववीत गेल्या आणि त्यांचं शाळेतलं जेवण बंद झालं, एवढाच काय तो फरक.

गावाचं, शाळेचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. मुली अजून शिकताहेत, आणि अशी शाळा काही एकच नाही.

गाव कोरडवाहू आहे. मंगळवेढ्याची ज्वारी म्हटली की लोकांना शहराभोवतालची काळी, खोल जमीन आठवते. मालदांडी या ज्वारीचं नाव झालं ते तिथल्या मातीवर. दक्षिणेकडे जावं तशी माती हलकी होते आणि पाण्याची ओढ वाढते. रब्बीची ज्वारी, थोडी तूर, बाजरी, कुणाच्या विहिरीला पाणी असेल तर डाळिंब. दिवाळीच्या आसपास काही घरं मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जातात. बरीच कुटुंबं गावठाणात राहत नाहीत, रानात वस्तीवर राहतात. शाळा साडेदहाला भरते आणि पाचला सुटते. वस्तीवरून चालत येणारी मुलगी नऊ-साडेनऊला घर सोडते आणि दिवेलागणीच्या थोडं आधी परत पोचते.

दीडच्या सुट्टीत पाचवी ते आठवीची मुलं ताटं घेऊन व्हरांड्यात बसतात. नववी-दहावीचे मुलगे बाहेर पडतात. खिशात दहा-वीस रुपये असतील तर वडापाव, नसतील तर मित्राच्यात अर्धा. मुली बाहेर जात नाहीत. स्टँडवर उभं राहून खाणाऱ्या मुलीबद्दल गाव काय बोलतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. डबा असलेल्या मुली वर्गात बसून खातात आणि नसलेल्या नळावर जाऊन येतात.

मुख्याध्यापिकांनी, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाईंनी, एके दिवशी नववी-दहावीच्या मुलींना कोरे कागद दिले. नाव घालायचं नाही. तीनच प्रश्न: सकाळपासून काय खाल्लं, ते कुणी केलं, डबा आणलाय का. पहिल्या प्रश्नाची उत्तरं अपेक्षेसारखीच होती. चहा. चहा आणि खारी. रात्रीची भाकरी आणि चटणी. काही नाही. बाई थबकल्या त्या दुसऱ्या उत्तरावर. कागदामागून कागद उलटत गेले तरी उत्तर एकच होतं: मी. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पहाटे उठून घरच्या भाकऱ्या थापते. आई-वडिलांची रानातली न्याहारी बांधून देते, धाकट्यांना वाढते, भांडी घासते आणि मग दप्तर उचलते. पीठ कमी पडलं तर ते तिच्या वाटणीचं कमी पडतं. ज्या घरांत ती स्वयंपाक करत नव्हती, तिथे करणारी आई किंवा वहिनी होती आणि तीही शेवटीच जेवत होती.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. शाळेच्या जेवणाची चर्चा आपण नेहमी उष्मांकात करतो. पण या मुलीच्या दिवसात दुसऱ्यानं शिजवलेलं, दुसऱ्यानं वाढलेलं आणि इतरांच्या बरोबरीनं मांडी घालून खाल्लेलं जेवण एकच होतं, आणि ते शाळेतलं. आठवी संपली की ती पंगतीतून उठते आणि पुन्हा वाढपी होते.

आठवीलाच का, याचं उत्तर कायद्यात आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची माध्यान्ह भोजनाची योजना सुरू झाली तेव्हा ती प्राथमिक शाळेपुरती होती. महाराष्ट्रात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. त्या पिशव्या घेऊन घरी गेलेले आज पालक झालेत. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवणच द्या असा आदेश दिला आणि शाळांतून चुली पेटल्या. २००८-०९ पर्यंत आठवीपर्यंतची मुलं योजनेत आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं हे जेवण हक्क म्हणून दिलं, पण आठवीपर्यंत, म्हणजे सहा ते चौदा वयापर्यंतच. शिक्षणहक्क कायद्याची रेषाही चौदालाच थांबते. २०२१ मध्ये योजनेचं नाव पीएम पोषण झालं आणि बालवाटिकेची, म्हणजे पहिलीच्या आधीची, मुलं आत आली. वरची रेषा हलली नाही.

गावातल्या मुलीच्या आयुष्यातला धोका मात्र चौदाच्या पुढे सुरू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सोलापूर जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २१.९ टक्के होता, म्हणजे जिल्हा जवळपास दुप्पट. पहिलीत मुलीला शाळेत घालायला आता कुणाला समजवावं लागत नाही. नववीत तिला शाळेत ठेवायला समजवावं लागतं, आणि नेमकं तिथे सरकार ताट उचलून घेतं.

जेवणानं मुली शाळेत येतात का, हा प्रश्न अभ्यासकांनी आधीच तपासून ठेवला आहे. ज्याँ द्रेझ आणि गीता किंगडन यांच्या २००१ च्या अभ्यासात, गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन असेल तर शाळेबाहेर राहणाऱ्या मुलींचं प्रमाण निम्म्यानं कमी दिसलं. फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातल्या ग्रामीण शाळा पाहिल्या. शिजवलेलं जेवण सुरू झाल्यावर पहिलीच्या मुलींची उपस्थिती १२ टक्के-अंकांहून अधिक वाढली होती. मुलग्यांमध्ये तसा ठळक फरक नव्हता. २०२१ मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासात, लहानपणी शाळेत जेवलेल्या मुली पुढे आई झाल्या तेव्हा त्यांच्या मुलांत खुंटलेली वाढ कमी आढळली. हे सगळे अभ्यास मुख्यतः लहान वर्गांबद्दलचे आहेत. नववी-दहावीलाही अगदी तसंच होईल असं त्यावरून ठोकून देता येत नाही. पण भूक चौदाव्या वाढदिवसाला थांबत नाही, हे कळायला अभ्यासाची गरज नाही.

दहावीपर्यंत जेवण देता येतं, हे कळायला या गावाला तर लांब बघायची गरजच नव्हती. निम्म्या गावाची सोयरीक हद्दीपलीकडच्या चडचण आणि इंडी भागात आहे. कर्नाटकात सरकारी आणि अनुदानित शाळांत दहावीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं, वर अंडं किंवा केळंही. तमिळनाडूनं तर १९८२ ला सुरू केलेली योजना दोनच वर्षांत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांपर्यंत नेली होती. पालकसभेत हा विषय निघाला तेव्हा एका आईनं सरळ विचारलं: माझ्या बहिणीची पोरगी तिकडं नववीला हाय, तिला शाळेत जेवाय मिळतंय, मग माझ्या पोरीला का न्हाई? व्यासपीठावरच्या कुणाकडेच उत्तर नव्हतं.

शाळेनं जे केलं ते एका झटक्यात सुचलेलं नाही. आधीचे दोन प्रयत्न फसले, आणि ते का फसले हे यशापेक्षा जास्त शिकवणारं आहे.

पहिला प्रयत्न सगळ्यात सोपा: खिचडी उरली तर नववी-दहावीच्या मुलींनी यावं. कुणीही आलं नाही. उरलेलं घ्यायला आठवीच्या पोरांसमोर रांगेत उभं राहायचं, हे त्या वयाच्या मुलीला मरणाहून जड. शिवाय हिशेबाचीही अडचण होती. तांदूळ उपस्थितीवर मोजून काढतात. उच्च प्राथमिकला माणशी १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ-कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. रोजची संख्या ॲपवर भरायची, चवीची नोंदवही ठेवायची, साठा जुळवायचा. त्यात चाळीसेक ताटं वाढली तर एकतर आठवीच्या मुलांच्या ताटात कमी पडणार, नाहीतर साठा जुळणार नाही आणि मुख्याध्यापकांवर वसुली निघणार. स्वयंपाकाच्या मावशी मनानं मोठ्या. त्या हळूच डाव भरून देत असत. पण मावशींच्या मायेवर योजना चालत नाही, आणि महिन्याला २,५०० रुपये मानधनात त्यांनी आणखी किती ओढायचं?

दुसरा प्रयत्न डबा सक्तीचा. यानं उलटंच झालं. डब्यात घालायला काही नसेल त्या दिवशी मुलगी घरीच राहायला लागली. सुगीच्या दिवसांत, म्हणजे ज्वारीच्या काढणीत, घरातली माणसं उजाडायच्या आत रानात जातात. सगळ्या भाकऱ्या त्यांच्याबरोबर जातात. तेव्हा तर वर्गातल्या मागच्या बाकांवर कुणी दिसेना. दोन-तीन आठवड्यांत सक्ती गुपचूप मागे घेतली.

तिसरी वाट एका बचत गटाच्या बाईनं दाखवली. ती सोलापूरच्या दुकानांना कडक भाकरी पुरवते. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर सगळं पाणी निघेपर्यंत ठेवायची. कोरड्या डब्यात ती आठवडेच्या आठवडे टिकते. तिचं म्हणणं एवढंच होतं: रोज चूल कशाला पाहिजे? आठवड्यातून दोनदा आम्ही भाजून देतो, सोबत शेंगाची चटणी देतो. कुस्करून ताकात खावा नाहीतर आमटीत. शिपाईसुद्धा वाढू शकेल.

सभेतले सुशिक्षित गप्प झाले. पोषण म्हणजे गॅस, पातेलं आणि तांदूळ, असंच सगळे धरून चालले होते. ज्वारीच्या कोठारातल्या शाळेत मुलं रोज बाहेरून आलेला तांदूळ खातात, यात आपल्याला काही विचित्र वाटेनासं झालं आहे.

हिशेब मोठ्या बाईंनी गणिताच्या सरांकडून करून घेतला. १२० ग्रॅम ज्वारीतून सुमारे ४०० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. चटणीतल्या ४० ग्रॅम शेंगदाण्यातून सुमारे २०८ उष्मांक आणि नऊ ग्रॅमच्या वर प्रथिनं. २० ग्रॅम गुळाचे सत्तर उष्मांक. बेरीज ६८० च्या आसपास आणि प्रथिनं एकवीस ग्रॅम. सहावी ते आठवीसाठी सरकारी निकष ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं असा आहे. वाटीभर ताक घातलं की निकष पार. लोहाचं म्हणाल तर साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा ज्वारीत ते सुमारे सहापट असतं. पण अलीकडच्या वर्षांत शाळांना पोषणमूल्य वाढवलेला तांदूळ आला आहे आणि त्यात लोह मिसळलेलं असतं. त्यामुळे ज्वारीच्या प्रेमापोटी सरकारी तांदळाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

चाळीस मुली धरल्या तर दिवसाला ४.८ किलो ज्वारी. वर्षाच्या २२० दिवसांना साडेदहा क्विंटल, आणि शेंगदाणे साडेतीन क्विंटल. मोठ्या शेतकऱ्यानं पोतं, लहानानं दोन पायली, असं ठरलं.

मंगळवेढ्यात धान्य मागायला उभं राहिलं की दामाजीपंतांचं नाव निघणारच. दुष्काळात बहामनी राजवटीचं कोठार लोकांसाठी उघडणारा हा अधिकारी, आणि त्याची भरपाई करायला खुद्द विठोबा महाराचं रूप घेऊन बिदरला गेला ही गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ आहे. सरपंचांच्या भाषणात ती आली. मागे बसलेले एक म्हातारे अण्णा पुटपुटले की दामाजीनं कोठार फोडलं ते बादशहाचं, रयतेकडं मागितलं नव्हतं. हसण्यावारी गेलं ते, पण या प्रकरणावरचं सगळ्यात अचूक भाष्य मला तेच वाटतं.

धान्य जमलं आणि भाकऱ्या सुरू झाल्या. मग खऱ्या अडचणी आल्या.

सुरुवातीला काही जणांची सूचना होती की धान्य कशाला, प्रत्येक घरानं आळीपाळीनं तयार भाकऱ्याच पाठवाव्यात. ही सूचना वरून साधी दिसते. पण कुणाच्या घरची भाकरी कोण खाणार, हा प्रश्न लगेच उभा राहिला असता. चोखोबांच्या मंगळवेढ्यातही तो सुटलेला नाही. भाजणी एकाच ठिकाणी, गटाच्या शेडमध्ये झाली, गटात सगळ्या वाड्यांतल्या बायका होत्या, आणि भाकरीला घर उरलं नाही. मोठ्या बाईंनी हा मुद्दा सभेत काढलाच नाही, नुसती व्यवस्थाच तशी लावली. मला हा त्यांचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो. कुणाला तो पळवाट वाटेल.

दुसरी अडचण नावाची होती. पहिल्या आठवड्यात फळ्यावर ‘गरजू मुलींसाठी अल्पोपाहार’ असं लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी एक बाप शाळेत आला. आमची पोरगी उपाशी मरतेय असं गावाला सांगायचंय का, असं त्यानं विचारलं आणि मुलीला डबा घेऊन वेगळं बसायला लावलं. फळा पुसला गेला. आणि मग मुलग्यांचं काय? पूर्वी व्हरांड्यात जेवणाऱ्यांकडे मुली बघत उभ्या असायच्या, आता मुलगे उभे राहायला लागले. त्यातले काही वस्तीवरून चालत येणारे आणि तितकेच भुकेले. मुलींसाठीचा उपक्रम म्हणून देणाऱ्यांनी ज्वारी दिली होती. ती मुलग्यांना वाढावी का, यावर शिक्षकांत दोन तट पडले. वर्गशिक्षिकेचं म्हणणं होतं की मुलगे बाहेर जाऊन खाऊ शकतात, मुली नाही, म्हणून हे त्यांच्यासाठीच असावं. मोठ्या बाई म्हणाल्या की सगळे बसले तरच मुली बसतील. शेवटी नववी-दहावीची सगळी मुलं पंगतीला आली. ताटं ऐंशीच्या घरात गेली, दिवसाला साडेनऊ किलोच्या वर ज्वारी लागायला लागली, आणि वर्षभराचा म्हणून गोळा केलेला साठा अर्ध्या वर्षाचा झाला.

माझं मत विचाराल तर मोठ्या बाई बरोबर होत्या. मुलींसाठी म्हणून वेगळी काढलेली गोष्ट गावात लवकरच मुलींवर उपकार म्हणून मोजली जाते. याच राज्यात १९९२ पासून मागास घटकांतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता ठेवला होता. ती मुलगी म्हणजे रुपयाची मुलगी, असं चिडवणं कुणी ऐकलं नाही अशी शाळा विरळा. ताट सगळ्यांसमोर आलं तर ते कुणा एकीचं राहत नाही.

आमटीचा तिढा असाच होता. पहिल्या उत्साहात मावशींनीच नववी-दहावीसाठी आमटी वाढवून करायला घेतली. दोन महिन्यांनी त्यांनी हात वर केले, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांची नेमणूक आठवीपर्यंतच्या पटावर झालेली आहे. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, शंभरपर्यंत दोन, पुढे दर शंभराला एक, असा निकष आहे. वरच्या ऐंशी मुलांसाठी निकषात कुणीच नाही. मग आमटी आठवड्यातून दोनदा गटाच्या बायका आणायला लागल्या आणि बाकीचे दिवस चटणी-ताकावर आले. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनं भाकऱ्या सादळायच्या. त्यासाठी पत्र्याचे झाकणबंद डबे घ्यावे लागले आणि भाजणी आठवड्यातून तीनदा करावी लागली.

बदल काय झाला? निळ्या गोळ्या खिडकीखाली सापडायच्या थांबल्या, हा पहिला. दुसरा बदल शेवटच्या दोन तासिकांत दिसला. पूर्वी तीनच्या सुमाराला डोकं दुखतंय म्हणून बेंचवर डोकं टेकणाऱ्या किंवा परवानगी मागून घरी जाणाऱ्या मुली आता पाचपर्यंत बसतात. गणिताचे सर विनोदानं म्हणतात की माझ्या तासाला आता झोपायची सोय राहिली नाही. सुगीतली गैरहजेरी कमी झाली, संपली नाही. घरात लहान भावंड असेल तर भाकरीनं ते सांभाळलं जात नाही.

तिसरा बदल कुणाच्या डोक्यात नव्हता. गटाला भाकऱ्यांचा अंदाज लागतो म्हणून रोज साडेअकराला नववी-दहावीची नावानिशी हजेरी घेऊन चिठ्ठी पाठवायची पद्धत पडली. वर्गाची हजेरी रोज होतच असते, पण ती महिनाअखेरीपर्यंत कुणी वाचत नाही. ही चिठ्ठी रोज वाचली जाते, कारण तिच्यावर ताटं ठरतात. मुलगी सलग तीन दिवस चिठ्ठीत नसली की गटातली कुणीतरी बाई विचारते, ती कुठाय? गटातल्या बायका त्याच वस्त्यांवर राहतात. त्यांना घरी जायला कारण लागत नाही आणि त्यांना खोटं सांगणं अवघड जातं.

अशाच एका चिठ्ठीमुळे दहावीतल्या एका मुलीची सुपारी फुटल्याचं आठवड्याच्या आत कळलं. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवक असतात. त्यांना सांगितलं गेलं, चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन झाला, घरच्यांनी लेखी दिलं की अठरापर्यंत थांबतो. मुलगी परीक्षेला बसली. दुसऱ्या एका मुलीच्या बाबतीत चिठ्ठीचा काही उपयोग झाला नाही. घर दिवाळीनंतर उचल घेऊन फडावर गेलं, मुलगी बरोबर गेली आणि लग्न तिकडंच लावलं. नवरा-बायकोनं जोडीनं कोयता धरला तर उचल जास्त मिळते. त्या हिशेबापुढे दुपारची भाकरी फार लहान पडते. अशा घरांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं तर मुलगी मागे राहू शकली असती. पण एवढ्या मोठ्या मुलीला मागे ठेवायला तिचा बाप तयार झाला असता की नाही, हे सांगणं अवघड आहे. जेवण मुलीला शाळेत आणतं आणि दिवसभर बसवतं. कर्ज ते फेडत नाही.

पैशाचं बोलू. मे २०२५ मध्ये उच्च प्राथमिकसाठी अन्न शिजवण्याच्या साहित्याचा दर माणशी १० रुपये १७ पैसे झाला. हाच दर नववी-दहावीला लावला तर २२० दिवसांचे होतात २,२३७ रुपये, वर ३३ किलो तांदूळ. या शाळेतल्या ऐंशी मुलांचे वर्षाचे एक लाख ऐंशी हजारांच्या आत. अनुदानित शाळेच्या एका शिक्षकाचा दोन-तीन महिन्यांचा पगार धरा. स्वयंपाकघर आहे, गॅस आहे, भांडी आहेत, नोंदवही आहे, ॲप आहे. फक्त इयत्तेच्या रकान्यात नववी नाही.

शाळेनं शिक्षण विभागाकडे अर्ज केला. उत्तर आलं की उपक्रम स्तुत्य आहे, नववी-दहावी योजनेत बसत नाही, लोकसहभागातून चालू ठेवावा. लोकसहभाग हा शब्द अलीकडे फार सोयीचा झालाय. अंड्याचंही तसंच झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा खर्च देणं थांबवून, हवं तर लोकसहभागातून द्या म्हटलं. ज्या गावात लोक देऊ शकतात तिथे अंडं, बाकी ठिकाणी नाही. या गावानं पहिल्या वर्षी ज्वारी भरभरून दिली कारण ज्वारी बरी पिकली होती. पाऊस ओढ देईल त्या वर्षी देणाऱ्यांच्या हाताशी काही नसेल, आणि नेमकं त्याच वर्षी मुलींना शाळेतल्या जेवणाची सगळ्यात जास्त गरज असेल. लोकवर्गणीत हा दोष जन्मजातच आहे. गावानं केलं त्याचं कौतुक आहेच, पण म्हणून सरकारची जबाबदारी गावानं घ्यावी असा त्याचा अर्थ होत नाही. अण्णा पुटपुटले ते यासाठीच.

दुसरा अर्ज शाळेनं वेगळ्या पद्धतीनं लिहिलाय. पैसे मागितलेले नाहीत. आठवीपर्यंतच्या स्वयंपाकघराचा गॅस आणि भांडी नववी-दहावीच्या आमटीसाठी वापरायला लेखी परवानगी आणि वरच्या पटासाठी एक जादा स्वयंपाकी, एवढंच मागितलं आहे. सोबत नववी-दहावीच्या दुपारच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे जोडलेत. धान्याच्या बाजूनंही बदल केलाय. पहिल्या वर्षी ज्वारी जूनमध्ये मागितली आणि तोवर बऱ्याच घरांतली विकून गेली होती. जी मिळाली तिला श्रावणात सोंडे लागले. या खेपेला गटाच्या बायका सुगीतच खळ्यावर जाऊन माप घेताहेत, आणि ज्यांच्या वाड्यात जुनी पेवं, म्हणजे जमिनीतली धान्याची कोठारं, अजून चांगली आहेत अशा दोघांनी साठवणीला जागा दिली आहे. येत्या जूनला आठवीतून नववीत येणारा वर्ग मोठा आहे. गणिताच्या सरांनी नवा आकडा काढलाय तेवीस क्विंटल. आतापर्यंत चौदा जमलेत.